किरणोत्सर्ग आणि गर्भातील जीव : उंदरांवरील प्रयोगांनी काय शिकवले?

टेंभुर्णी हे पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव. येथून अकलूज, कुर्डुवाडी, पंढरपूर अशा वाटा फुटतात. रहदारी अखंड, आणि रहदारीसोबत अपघातही आलेच. अशा एखाद्या अपघातात गरोदर स्त्रीचा पाय मोडला आणि डॉक्टरांनी फोटो काढण्यास सांगितले, की घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो पायाचा नव्हे, तर पोटातल्या बाळाचा. कित्येकदा फोटोच नाकारला जातो. याच्या उलट प्रकारही घडतो. दिवस गेले आहेत हे ठाऊक नसताना कंबरदुखीसाठी क्ष-किरण तपासणी होते आणि पंधरा-वीस दिवसांनी गर्भ असल्याचे कळते. मग शेजारीपाजारी, नात्यागोत्यातले लोक सांगू लागतात की मूल व्यंग घेऊन जन्मेल, वेळीच मोकळे व्हावे. हवेहवेसे मूल केवळ ऐकीव भीतीने गमावण्याची वेळ येते.

या दोन्ही प्रसंगी नेमके काय करावे, याचे उत्तर आज वैद्यकशास्त्राजवळ आहे. ते बहुतांशी प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदरांकडून मिळालेले आहे. प्रस्तुत लेखात त्या ज्ञानाचा परिचय करून देण्याचा हेतू आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. किरणोत्सर्ग हा शब्द आपण फार सैल वापरतो. क्ष-किरण आणि गॅमा किरण यांच्यात अणूतील इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी ऊर्जा असते. म्हणून त्यांना आयनीकारक किरण म्हणतात. पेशीतून जाताना ते डीएनएचा दुपदरी धागा तोडू शकतात. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतातच, ती ध्वनिलहरींची तपासणी आहे. सोनोग्राफी केंद्रात कायद्याचा जो फलक लावलेला असतो तो गर्भलिंगनिदानाविरुद्धचा आहे, किरणांविषयीचा नव्हे. या दोहोंची गल्लत सुशिक्षित घरांतही होते. एमआरआयमध्ये चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरी वापरतात, तर मोबाईलच्या लहरींत डीएनए तोडण्याची ऊर्जा नसते. पुढील सर्व विवेचन फक्त आयनीकारक किरणांविषयी आहे.

किरणांची शरीरात शोषली गेलेली मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक ग्रे म्हणजे एक हजार मिलिग्रे. हा हिशेब वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण सारा प्रश्न अखेरीस या आकड्यांपाशी येऊन थांबतो.

ओक रिजमधील उंदीरघर

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील ओक रिज हे गाव दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबसाठी युरेनियम समृद्ध करण्याकरिता वसवले गेले. युद्ध संपल्यावर तेथील प्रयोगशाळेत किरणोत्सर्गाचा सजीवांवर होणारा परिणाम तपासण्यासाठी उंदरांची प्रचंड वसाहत उभी राहिली. विल्यम रसेल आणि लियान रसेल हे शास्त्रज्ञ दांपत्य १९४७ मध्ये तेथे दाखल झाले. लियान यांचा जन्म १९२३ चा, व्हिएन्नातील ज्यू कुटुंबातला. नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर १९३८ मध्ये या कुटुंबाला देश सोडावा लागला. ज्या मुलीला मायभूमीत शिक्षणाचा हक्कही उरला नव्हता, तिने पुढे जगभरच्या गर्भवतींना उपयोगी पडेल असे संशोधन केले.

लियान रसेल यांनी विचारलेला प्रश्न साधा होता : गर्भावस्थेच्या कोणत्या दिवशी किरण पडले तर काय बिघडते?

उंदीर या प्रश्नासाठी फार सोयीचा प्राणी आहे. त्याची गर्भावस्था अवघी १९-२० दिवसांची असते आणि एका वेतात अनेक पिले होतात. शिवाय समागमानंतर मादीच्या योनिमार्गात एक घट्ट गुठळी तयार होते. सकाळी ती दिसली की गर्भधारणा आदल्या रात्रीचीच, हे निश्चित समजते. स्त्रीच्या बाबतीत गर्भाचे वय आठवड्यांच्या अंदाजाने सांगावे लागते, तर उंदराच्या बाबतीत ते तासांच्या हिशेबाने सांगता येते.

प्रयोगाची रीत अशी. ठरावीक दिवसाच्या गाभण माद्यांना ठरावीक मात्रेत किरण द्यायचे, आणि जन्माच्या एक-दोन दिवस आधी गर्भाशय उघडून पाहायचे. अंडाशयावरील पीतपिंड मोजले की किती अंडी सुटली होती ते कळते. गर्भाशयाच्या भिंतीवरील खुणा मोजल्या की किती भ्रूण रुजले ते कळते, आणि जिवंत गर्भ तर डोळ्यांना दिसतातच. या तीन आकड्यांच्या वजाबाकीतून रुजण्यापूर्वी किती गेले आणि रुजल्यावर किती गेले, याचा चोख जमाखर्च मांडता येतो. नंतर गर्भाचे मांस रसायनांनी पारदर्शक करून हाडे ॲलिझरिन या रंगाने रंगवतात. हा तोच तांबडा रंग, जो मंजिष्ठेच्या जातीतील वनस्पतींच्या मुळांपासून मिळे आणि ज्याने जगभर कापड रंगवले जाई. सोलापूरसारख्या मागांच्या जिल्ह्यातील वाचकांना याची गंमत वाटेल. काचेसारख्या पारदर्शक देहात लालबुंद सांगाडा दिसू लागतो आणि एखादी बरगडी जास्त आहे की मणक्याचा आकार बदलला आहे, हे भिंगाखाली मोजता येते.

रसेल यांचे निष्कर्ष १९५० पासून प्रसिद्ध होऊ लागले. गर्भावस्थेचे तीन स्पष्ट टप्पे त्यातून पुढे आले.

पहिला टप्पा फलनापासून भ्रूण गर्भाशयात रुजेपर्यंतचा. उंदरात तो साधारण साडेचार-पाच दिवसांचा असतो. या अवस्थेतील भ्रूण म्हणजे मोजक्या पेशींचा पुंजका. कोणत्या पेशीपासून डोळा होणार आणि कोणत्या पेशीपासून हृदय, हे अद्याप ठरलेले नसते. काही पेशी मेल्या तर उरलेल्या त्यांची जागा भरून काढतात, आणि फारच मेल्या तर भ्रूण रुजतच नाही. जो तगतो तो बहुधा पूर्ण निरोगी जन्मतो. इंग्रजी ग्रंथांत याला 'सर्व किंवा काहीच नाही' असा नियम म्हणतात. नियम म्हटला की अपवाद आलाच. जर्मनीत अभ्यासलेल्या उंदरांच्या एका विशिष्ट वाणात, एकपेशीय अवस्थेत किरण दिल्यावर पोटाची भिंत उघडी राहण्याचे व्यंग वाढलेले दिसले. त्या वाणात हे व्यंग मुळातच अधिक आढळते. आनुवंशिक घडण आणि किरण यांची अशी हातमिळवणी होऊ शकते, एवढे त्यातून समजते.

दुसरा टप्पा अवयवनिर्मितीचा, उंदरात साधारण सहाव्या-सातव्या दिवसापासून तेराव्या दिवसापर्यंतचा. व्यंगांचा खरा धोका येथे आहे. सातव्या ते नवव्या दिवसाच्या सुमारास किरण पडले तर मेंदू आणि डोळ्यांची घडण बिघडते, अकराव्या-बाराव्या दिवसाच्या आसपास पडले तर पायांची बोटे बिघडतात. प्रत्येक अवयवाची जडणघडण ज्या वेळी भरात असते तीच त्याची नाजूक वेळ. एका दिवसाच्या फरकाने व्यंगाचे स्वरूप बदलते, ही रसेल यांच्या कामातील सर्वांत लक्षणीय बाब होय. म्हणून 'किरणांनी मूल अपंग होते' हे विधान शास्त्रीयदृष्ट्या अपुरे आहे. कितव्या दिवशी आणि किती मात्रेने, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

तिसरा टप्पा गर्भाच्या वाढीचा. अवयव घडून झालेले असतात. या काळात मोठी मात्रा मिळाली तर ढोबळ व्यंगे क्वचित होतात, पण वाढ खुंटते, डोके लहान राहते आणि मेंदूच्या कार्यावर परिणाम होतो.

जपानमधील नोरिमुरा आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये यातील आणखी एक पडदा उचलला. पेशीत पी-५३ नावाचे एक प्रथिन असते. डीएनए बिघडलेल्या पेशीला ते थांबवते, दुरुस्त होऊ देते किंवा सरळ मरण पत्करायला लावते. हे प्रथिन असलेल्या आणि नसलेल्या उंदरांच्या गर्भांना साडेनवव्या दिवशी सारखीच मोठी मात्रा दिली गेली. प्रथिन असलेल्यांत गर्भमृत्यू अधिक झाले, पण व्यंगे कमी आढळली. ज्यांच्यात ते नव्हते त्यांच्यात मृत्यू थोडे, मात्र व्यंगांचे प्रमाण फार मोठे. बिघडलेल्या पेशी निवडून काढणारा राखणदार गर्भाच्या अंगातच असतो, असा याचा अर्थ. तीच मात्रा सावकाश, थोडी थोडी मिळाली तर अपाय पुष्कळच कमी होतो, याचे एक कारणही येथे सापडते : राखणदाराला काम करायला अवधी मिळतो.

या उंदरांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे शील जेथे विद्यार्थी रोज उच्चारतात, तेथे अशा प्रयोगांचे वर्णन वाचून मनात प्रश्न उठणे स्वाभाविक आहे, आणि तो उठला नाही तरच आश्चर्य. विज्ञानालाही हा प्रश्न पडला आहे. १९५९ मध्ये विल्यम रसेल (ओक रिजचे नव्हेत, केवळ नामसाधर्म्य) आणि रेक्स बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तीन तत्त्वे मांडली. शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे, प्राण्यांची संख्या कमीत कमी ठेवावी आणि वेदना कमीत कमी द्याव्यात. आपल्याकडे १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेली समिती अशा प्रयोगांवर नियंत्रण ठेवते. या तत्त्वांनी प्रश्न संपत नाही. एवढे मात्र खरे, की मिळालेले ज्ञान न वापरता पुन्हा अंदाजानेच वागायचे, तर त्या प्राण्यांचे मरण निव्वळ व्यर्थ ठरेल.

उंदरापासून माणसापर्यंत

उंदराचे वीस दिवस आणि माणसाचे नऊ महिने यांचा सांधा जुळवताना टप्पे पाहावे लागतात, दिवस नव्हे. माणसात भ्रूण रुजतो तो फलनानंतर साधारण आठ ते दहा दिवसांनी, अवयवनिर्मिती तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात होते आणि मेंदूच्या चेतापेशींची मोठी वाढ व स्थलांतर आठव्या ते पंधराव्या आठवड्यात घडते.

माणसावर असा प्रयोग कोणी करणार नाही. परंतु ६ आणि ९ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा व नागासाकी येथे जे घडले, त्यात आयांच्या पोटात असलेली मुलेही सापडली. अशा सुमारे १६०० मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला. त्यांपैकी ३० मुलांत तीव्र बौद्धिक अपंगत्व आढळले. ओटाके आणि शूल यांनी १९८४ मध्ये या नोंदींची गर्भाच्या वयानुसार मांडणी केली, तेव्हा आठ ते पंधरा आठवड्यांचा काळ सर्वाधिक नाजूक असल्याचे दिसले. सोळा ते पंचवीस आठवड्यांत धोका कमी होता, आणि आठ आठवड्यांपूर्वी किरण लागलेल्यांत हा परिणाम वाढलेला आढळला नाही. मेंदूवरील परिणाम कोणत्या काळात होतो याविषयी उंदरांनी दाखवलेली दिशाच येथे पक्की झाली.

भारतातही या दिशेने काम झाले आहे. कर्नाटकातील मणिपाल येथे पी. उमा देवी आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात स्विस जातीच्या पांढऱ्या उंदरांना गर्भावस्थेच्या साडेअकराव्या दिवशी अर्ध्या ग्रेपर्यंतच्या लहान मात्रा देऊन गर्भाची वाढ, डोक्याचा आकार आणि डोळे तपासले. त्याच गटाने तुळशीतील काही घटक उंदरांना किरणांपासून अंशतः वाचवतात, असेही दाखवले. मात्र त्यावरून तुळशीचा काढा पिऊन एक्स-रे निर्धोक होतो असे कोणी समजू नये. प्रयोगशाळेतील मात्रा आणि घरचा काढा यांत फार अंतर आहे.

मुंबईच्या तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचे काम मला याहूनही महत्त्वाचे वाटते. केरळच्या किनाऱ्यावर, कोल्लमच्या उत्तरेस, वाळूत मोनाझाइट नावाचे थोरियमयुक्त खनिज आहे. तेथील पिढ्यान्‌पिढ्या नेहमीपेक्षा जास्त नैसर्गिक किरणोत्सर्गात राहत आल्या आहेत. काही ठिकाणी ती मात्रा वर्षाला ४५ मिलिग्रेपर्यंत जाते. प्रथम तेथील काळ्या उंदरांची पाहणी झाली. सांगाड्यांचे जाणकार हान्स ग्रुनबर्ग आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी पट्ट्यातील आणि बाहेरील उंदरांची हाडे व दात ताडून पाहिले. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. पुढे भाभा केंद्राने १९९५ पासून तेथील रुग्णालयांत जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची तपासणी सुरू केली. २०१२ पर्यंत सुमारे १ लाख ४१ हजार नवजात बालके तपासली गेली. अधिक किरणोत्सर्गाच्या भागात मृतजन्म किंवा मोठी जन्मजात व्यंगे वाढल्याचे त्यात दिसले नाही. ही मात्रा सावकाश, वर्षभर पसरून मिळते, हे येथे विसरता कामा नये.

एक्स-रेच्या खोलीत

आता पुन्हा महामार्गावरच्या दवाखान्यात येऊ.

रसेल दांपत्याने १९५२ मध्येच एक व्यावहारिक सूचना केली होती. प्रजननक्षम वयातील स्त्रीची ओटीपोटाची क्ष-किरण तपासणी तातडीची नसेल, तर ती पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या चौदा दिवसांत करावी. कारण त्या काळात गर्भ असण्याची शक्यता जवळजवळ नसते. आरंभी अनेक डॉक्टरांना ही सूचना अतिरेकी वाटली. पुढे तिची निरनिराळी रूपे देशोदेशी रूढ झाली. एक्स-रेच्या खोलीबाहेर 'गरोदर असल्यास आधी सांगा' असे जे लिहिलेले असते, त्याची मुळे ओक रिजच्या उंदीरघरात आहेत. आपल्याकडे हे नियम घालून देणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. किरणांच्या कामावर असलेल्या स्त्री कर्मचाऱ्याने गर्भ राहिल्याचे कळवले की उरलेल्या काळात गर्भाला मिळणारी मात्रा १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त होऊ नये, असे मंडळाचे बंधन आहे. क्ष-किरणांच्या बाबतीत १ मिलिसिव्हर्ट म्हणजे सुमारे १ मिलिग्रेच समजावा. आमचे काही माजी विद्यार्थी आणि विद्यार्थिनी रुग्णालयांत तंत्रज्ञ म्हणून काम करतात. त्यांनी हे पाठच करावे.

आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २००० साली गर्भारपण आणि वैद्यकीय किरणांविषयी एक प्रकाशन काढले. त्यातील आकडे पाहावेत. छातीच्या फोटोत गर्भाला मिळणारी मात्रा ०.०१ मिलिग्रेपेक्षा कमी. पोटाच्या साध्या फोटोत सरासरी १.४, तर कमरेच्या मणक्यांच्या फोटोत १.७ मिलिग्रे. ओटीपोटाच्या सिटी स्कॅनमध्ये मात्र सरासरी २५ आणि कधी कधी ७९ मिलिग्रेपर्यंत. हात, पाय, दात यांच्या फोटोत गर्भाशय किरणांच्या वाटेतच नसते, म्हणून ती मात्रा नगण्य. आणि काहीही तपासणी न करता, केवळ निसर्गातून, नऊ महिन्यांत गर्भाला जवळपास १ मिलिग्रे किंवा त्याहून थोडी कमी मात्रा मिळतेच.

व्यंगे निर्माण होण्यास साधारण १०० मिलिग्रे किंवा अधिक मात्रा लागते. त्याखालील मात्रा हे गर्भपाताचे कारण होऊ शकत नाही, असे आयोगाने स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. अपघातातील पायाचा फोटो आणि हा उंबरठा यांत किती अंतर आहे, हे वाचकांनीच पाहावे.

याचा अर्थ लहान मात्रा पूर्ण निर्धोक, असा नव्हे. ॲलिस स्टुअर्ट या ब्रिटिश वैद्यक-संशोधिकेने १९५० च्या दशकात दाखवले की ज्या मातांच्या ओटीपोटाचे गरोदरपणी फोटो काढले गेले, त्यांच्या मुलांत बालपणीच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक होते. आयोगाच्या हिशेबानुसार एरवी हजारात सुमारे तीन मुलांना बालपणी कर्करोग होतो. गर्भात १० मिलिग्रे मिळाले तर तो आकडा सुमारे चार होतो, १०० मिलिग्रे मिळाले तर नऊ. धोका लहान आहे, पण आहे. म्हणून विनाकारण फोटो काढू नये, सोनोग्राफीने काम होत असेल तर तीच करावी, आणि आईच्या जिवासाठी आवश्यक असेल तेव्हा फोटो अजिबात टाळू नये. महामार्गावरील अपघातात डोक्याला मार लागलेल्या गरोदर स्त्रीचा सिटी स्कॅन नाकारणे हे बाळाचे रक्षण नव्हे. आई गेली तर बाळ कोठून राहणार?

कर्करोगावरील किरणोपचारांची गोष्ट वेगळी. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाचा लौकिक आपल्या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. अशा उपचारांत मात्रा मिलिग्रेत नव्हे तर अनेक ग्रेमध्ये असते, आणि गर्भाशय किरणांच्या कक्षेत येत असेल तर उंदरांवरील सारे निष्कर्ष तेथे गांभीर्याने लागू होतात. थायरॉइडसाठी दिले जाणारे किरणोत्सारी आयोडीनही गरोदरपणी वर्ज्य आहे. साधारण दहाव्या आठवड्यापासून गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी ते शोषू लागते. तेथे भीती रास्त आहे आणि उपचारांपूर्वी गर्भचाचणी करणे आवश्यकच.

भीती रास्त नसेल तर काय होते, याचे उदाहरण ग्रीसचे. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिल येथे अणुभट्टीचा स्फोट झाला. शेकडो कोस दूर असलेल्या ग्रीसमधील लोकांना त्यातून मिळालेली मात्रा एका मिलिसिव्हर्टपेक्षाही कमी होती. तरी अफवा आणि गोंधळलेल्या डॉक्टरांचे सल्ले यांमुळे तेथे पुढील काही महिन्यांत सुमारे २५०० हवे असलेले गर्भ पाडले गेले, असा अंदाज १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या गर्भांपैकी बहुतेकांना किरणांपासून कसलाही धोका नव्हता.

म्हणून गर्भ असल्याचे नंतर कळले आणि फोटो आधीच काढलेला असेल, तर घाईने निर्णय घेण्यापूर्वी काही गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात : शेवटच्या पाळीची तारीख, फोटोची तारीख, शरीराच्या कोणत्या भागाचा फोटो काढला, किती वेळा काढला, आणि तो साधा होता की सिटी स्कॅन. तपासणीचा अहवाल व फिल्म जपून ठेवावी. सिटी स्कॅनच्या नोंदीत बहुधा मात्रेचा आकडाही असतो. तो मागून घ्यावा. हा कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ असतात. एवढ्या माहितीवरून ते गर्भाला मिळालेल्या मात्रेचा अंदाज काढून देऊ शकतात.